बोअर कोणी निवडला?

आमच्या घरी सुईदोऱ्याच्या पितळी डब्यात काडतुसाची एक रिकामी पुंगळी असे. आजोबांच्या परवान्याच्या रायफलीची तेवढीच खूण उरली होती. पुंगळीच्या बुडाशी ‘केएफ’ अशी रोमन अक्षरे होती. केएफ म्हणजे किरकी फॅक्टरी, १८६९ पासून चालत आलेला खडकीचा दारूगोळा कारखाना. “रानडुकरांसाठी तुम्ही हाच बोअर का निवडलात?” असे मी लहानपणी विचारले होते. आजोबा म्हणाले, “निवडला कुठे? मिळाला.” या उत्तराचा अर्थ लागायला मला पुढे बरीच पाने चाळावी लागली.

बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचा व्यास. इंग्रजी रिवाजाप्रमाणे तो इंचात सांगतात. शिकाऱ्याचे गणित तसे सोपे असते. गोळी हलकी पडली तर जनावर जखमी होऊन झाडीत शिरते आणि पुढे कुणाच्या तरी जिवावर उठते. फार जड घेतली तर खांद्याला असा हिसका बसतो की नेमच हलतो. जिम कॉर्बेट यांनी दोन्ही बाजू सांभाळल्या. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल १९०७ मध्ये भेट मिळालेली .२७५ रिग्बी ही हलकी रायफल त्यांच्याकडे होती आणि .४५०/४०० ही जड दुनळीही होती.

पण हे गणित मांडण्याची मुभा सगळ्यांना नव्हती. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य हिंदी माणसाचे हत्यार परवान्याला बांधले. पुढे साहेबांच्या शिकारीलाही सरकारी भीतीची झळ लागली. लष्करातून बाहेर पडलेल्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुका .४५० च्या होत्या आणि त्यातल्या काही बंडखोरांच्या हाती गेल्या होत्या. त्यांना दारूगोळा मिळू नये म्हणून १९०७ च्या सुमारास हिंदुस्थान आणि सुदानात .४५० बोअरवर बंदी आली. लंडनच्या बंदूककारांनी लगोलग .४६५, .४७० आणि .४७५ असे नवे बोअर काढले. हत्ती किंवा गवा काही बदलला नव्हता. इंचाचा हा शतांशांचा फरक कायद्याने घडवला होता.

आजोबांच्या रायफलीची गोष्टही याच वळणाची. फौजेची रायफल ‘थ्री-नॉट-थ्री’. तिची काडतुसे नागरिकांच्या बंदुकीत चालली असती, तर पलटणीतून चोरलेला माल गावोगाव खपला असता. म्हणून नागरिकांसाठी .३१५, म्हणजे ८ मिलिमीटरचा बोअर रुळला. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्याने ली-एनफिल्डच्याच सांगाड्यावर .३१५ ची नळी चढवली आणि काडतुसे आमच्या खडकीने पुरवली. इंग्रज गेले, तरी हा भेद गेला नाही. स्वतंत्र भारताच्या नियमांतही .३०३ निषिद्ध बोअरच राहिला आणि .३१५ परवान्यावर मिळत राहिला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकारीचा अध्याय संपवला. तोवर रानडुकरापासून बिबट्यापर्यंत सगळ्यांना हा एकच बोअर पुरवून घ्यावा लागे. म्हणजे जनावर बघून बोअर ठरवायचा हा शिकारीचा पहिला नियमच इथे उलटा झाला होता. बोअर आधी ठरलेला असे आणि माणूस त्याच्या बेताने अंतर व नेम ठरवी.

खेळाच्या मैदानावर मात्र बोअर खेळाच्या गरजेनेच ठरला. पन्नास मीटरच्या रायफल स्पर्धेत .२२, म्हणजे ५.६ मिलिमीटरचे काडतूस वापरतात. हिसका नाममात्र, आवाज बेताचा आणि गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते. तिथे ताकदीचा काही उपयोग नाही, सगळी कसोटी स्थिरतेची. याच बोअरने कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या आणि २०२४ मध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसला ऑलिंपिक कांस्यपदक मिळवले.

ती पुंगळी आता माझ्या टेबलावर असते. तिच्या तोंडाशी करंगळीचे टोकही नीट शिरत नाही. पण एका राजवटीला आपल्याच प्रजेची किती धास्ती होती, हे त्या ८ मिलिमीटरांत मोजता येते. “मिळाला” हे आजोबांचे उत्तर खरे होते. फक्त तो कोणाच्या भीतीतून मिळाला, एवढेच त्यांनी सांगितले नव्हते.