इंग्रजी व्याकरण व आकलनाभ्यास, माध्यमिक शाळांतील

इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्याला त्या भाषेच्या शब्दरूपांचे व वाक्यरचनेचे नियम समजावून देणे आणि ते नियम वाक्यांवर चालवून पाहण्यास लावणे, यास व्याकरणाभ्यास म्हणतात. अपरिचित उतारा वाचून त्याचा आशय प्रश्नोत्तरे, सारांश किंवा अर्थविवरण यांच्या द्वारे स्पष्ट करण्यास लावणे, यास आकलनाभ्यास म्हणतात. शालेय अभ्यासक्रमाच्या वरच्या इयत्तांत हे दोन्ही अभ्यास जोडीने चालतात. विद्यार्थ्याला इंग्रजी ग्रंथ दुसऱ्याच्या साह्यावाचून वाचता यावा, हा दोहोंचा मूळ हेतू होय. पूर्वीच्या मुंबई इलाख्यातील व नंतरच्या महाराष्ट्रातील या अभ्यासाचा इतिहास पाहता असे दिसते, की परीक्षेच्या प्रभावामुळे व्याकरण हे साधन न राहता साध्य होऊन बसले आणि वाचनाला त्याचे मूळ स्थान परत मिळवून देण्याचे प्रयत्न निरनिराळ्या काळी पुनःपुन्हा करावे लागले.

प्रारंभ : मुंबई इलाख्यात शाळा व शालेय पुस्तके यांची व्यवस्था पाहणारी मंडळी १८२२ मध्ये स्थापन झाली व १८२७ मध्ये तिला ‘बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ हे नाव मिळाले. त्याच वर्षी गव्हर्नर मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन निवृत्त झाले. त्यांच्या स्मरणार्थ जमलेल्या निधीतून उच्च शिक्षणाची सोय झाली व १८३४ मध्ये बाळशास्त्री जांभेकर यांची तेथे साहाय्यक प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. या काळात इंग्रजी व्याकरणाचा आदर्श म्हणजे लिंडली मरीचा १७९५ मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ. वर्ण, शब्द, वाक्य व छंद असे त्याचे चार विभाग होते. त्यास जोडून मरीने अशुद्ध वाक्ये देऊन ती शुद्ध करण्यास सांगणारे स्वाध्यायाचे वेगळे पुस्तकही तयार केले. नियम पाठ करणे, प्रत्येक पदाचे व्याकरण चालविणे आणि चुका दुरुस्त करणे ही जी त्रयी पुढे दीर्घकाळ शाळांतून टिकली, तिचे मूळ अशा पुस्तकांत आहे. ही घडण मुख्यतः लॅटिन व्याकरणाच्या परंपरेतून आलेली होती.

या अभ्यासाचा मराठीवरही परिणाम झाला. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या १८३६ मधील मराठी व्याकरणाची मांडणी मरीच्या ग्रंथाच्या धर्तीवर झाली. पुढे वाक्यपृथक्करणाची पद्धती इंग्रजी शाळांत रूढ झाली. कार्ल बेकर या जर्मन अभ्यासकाच्या विचारांवर आधारलेली ही पद्धती जे. डी. मॉरेल याने १८५२ मधील आपल्या पुस्तकाने इंग्लंडमध्ये प्रचारात आणली होती. गोपाळ गणेश आगरकर यांनी वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण (१८८८) या पुस्तकात ती मराठी वाक्यांना लावून दाखविली. मुख्य व गौण वाक्ये, उद्देश्य व विधेय, उद्देश्यविस्तार व विधेयविस्तार ही परिभाषा त्यामुळे मराठी विद्यार्थ्याच्या दोन्ही भाषांच्या तासांना समान झाली.

मॅट्रिक्युलेशन व तिचा प्रभाव : शिक्षणाचे माध्यम कोणते असावे, यावर १८४० नंतरच्या दशकात शिक्षण मंडळात मोठा वाद झाला. अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे, तर जगन्नाथ शंकरशेट व कर्नल जार्व्हिस देशी भाषांच्या बाजूचे होते. १८५४ च्या वुडच्या खलित्याने प्राथमिक शिक्षण देशी भाषांतून व उच्च शिक्षण इंग्रजीतून, अशी विभागणी मान्य केली. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले व १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे हे त्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी होत. महाविद्यालयात प्रवेश मिळविण्याचे आणि सरकारी नोकरीसाठी पात्र ठरण्याचे प्रवेशद्वार म्हणजे ही परीक्षा झाली, आणि तिच्यात इंग्रजी हा सर्वांत निर्णायक विषय ठरला.

इंग्रजीविषयीची ओढ केवळ नोकरीपुरती नव्हती. सावित्रीबाई फुले यांच्या काव्यफुले (१८५४) या संग्रहात इंग्रजीला माउली म्हणून गौरविणारी कविता आहे. ज्यांना परंपरेने विद्येची दारे बंद होती, त्यांना इंग्रजी ही नव्या ज्ञानाची वाट वाटत होती. म्हणूनच ही भाषा कशी शिकविली जाते, हा प्रश्न केवळ अध्यापनशास्त्राचा न राहता सामाजिक न्यायाचाही झाला. घरी इंग्रजी पुस्तक नसलेल्या विद्यार्थ्याला शाळेतील तास हेच त्या भाषेचे एकमेव ठिकाण होते.

देशी भाषेतील चार इयत्तांनंतर इंग्रजी शाळेच्या सात इयत्ता, अशी सर्वसाधारण रचना होती. सातव्या इयत्तेच्या शेवटी मॅट्रिकची परीक्षा येई. वरच्या इयत्तांत पदपरिस्फोट, वाक्यपृथक्करण, वाक्यरूपांतर, भाषांतर व निबंध यांचा सराव चाले. आकलनाची कसोटी म्हणून उताऱ्याचे अर्थविवरण व संक्षेप यांचा उपयोग केला जाई. संक्षेपात मूळ उताऱ्याचा आशय साधारणतः एकतृतीयांश लांबीत मांडावयाचा असे. प्रत्यक्षात नियम व ठरीव उत्तरे मुखोद्गत करण्याकडे विद्यार्थ्यांचा कल वाढला. १९०२ च्या भारतीय विद्यापीठ आयोगाने अशी खंत नोंदविली, की मॅट्रिक होऊन आलेल्या विद्यार्थ्यांना महाविद्यालयातील इंग्रजी व्याख्याने समजत नाहीत. व्याकरणाच्या परीक्षेत उत्तीर्ण होणे व भाषा समजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यातून उघड झाले.

प्रमुख पाठ्यपुस्तके : मराठी विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढल्या. द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांच्या या पाठमालेत शब्द, नियम आणि उभय भाषांतील भाषांतरासाठी वाक्ये, अशी चढत्या क्रमाची मांडणी आहे. मातृभाषेचा आधार घेऊन घरच्या घरी इंग्रजी शिकण्याची सोय तिच्यामुळे झाली. वायव्य प्रांत व अयोध्या येथील शिक्षणखात्यात काम केलेल्या जे. सी. नेस्फील्ड यांची व्याकरणमाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतभर पसरली. विसाव्या शतकात तिची जागा पुष्कळ अंशी रेन व मार्टिन यांच्या पुस्तकाने घेतली. पर्सिव्हल क्रिस्टोफर रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीस होते व १९१७ मध्ये त्यांनी ती सोडली. बो जेस्ट (१९२४) या साहसकथेचे लेखक म्हणून त्यांची इंग्लंडमध्ये ख्याती झाली. भारतात मात्र ते एच. मार्टिन यांच्यासह लिहिलेल्या, १९३० नंतरच्या दशकात प्रसिद्ध झालेल्या व्याकरणपुस्तकाचे कर्ते म्हणून ओळखले जातात. नियम, उदाहरणे, भरपूर स्वाध्याय आणि शेवटी संक्षेप, पत्र व निबंधलेखन, अशी त्याची रचना आहे.

रचनाभेद व सरावाचे कारण : वरच्या इयत्तांत काही ठरावीक प्रकारच्या स्वाध्यायांवर भर का दिला गेला, हे मराठी व इंग्रजी यांच्या रचनाभेदावरून कळते. मराठीत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते. इंग्रजीत ते कर्ता व कर्म यांच्या मध्ये येते. ‘जो मुलगा काल आला, तो माझा भाऊ’ या वाक्यात संबंधी वाक्य आधी येते. इंग्रजीत ते नामाच्या मागून येऊन मुख्य वाक्याच्या पोटात शिरते, त्यामुळे लांब वाक्यात मुख्य क्रियापद कोणते, हे मराठी वाचकाला चटकन उमगत नाही. वाक्यपृथक्करणाचा खरा उपयोग येथे होतो.

‘तो म्हणाला, की मी उद्या येईन’ अशा मराठी वाक्यात वक्त्याचे सर्वनाम व काळ जसेच्या तसे राहू शकतात. इंग्रजी अप्रत्यक्ष कथनात मात्र ‘मी’चा ‘तो’ होतो, भविष्यकाळाचे रूप बदलते आणि ‘उद्या’ऐवजी ‘दुसऱ्या दिवशी’ या अर्थाचा शब्दप्रयोग येतो. ‘रामाने आंबा खाल्ला’ हा मराठीत कर्मणी प्रयोग आहे. पण त्याचे सरळ इंग्रजी भाषांतर कर्तरी रचनेतच होते. परिभाषा सारखी असल्यामुळे विद्यार्थी या दोन गोष्टी एकच समजतो. ‘अ’, ‘अॅन’ व ‘द’ या उपपदांना मराठीत प्रतिरूप नसल्यामुळे त्यांचा सराव अपरिहार्य ठरतो. तात्पर्य, व्याकरणाचा सराव निरर्थक नव्हता. तो वाचनापासून तुटला, हा खरा दोष होता.

वाचनप्रधान विचार : या दोषावर सर्वांत मूलगामी विवेचन बंगालमध्ये झाले. डाक्का येथे शिक्षक-प्रशिक्षणाचे काम करणारे मायकेल वेस्ट यांनी १९२६ मध्ये बंगालमधील द्विभाषिकतेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. बहुसंख्य विद्यार्थी अभ्यासक्रम पुरा न करताच शाळा सोडतात, हे लक्षात घेऊन त्यांनी विमाव्यवहारातील एक कल्पना शिक्षणास लावली. विम्याचे हप्ते मध्येच थांबले, तरी पत्रधारकाला काही मूल्य परत मिळते. त्याप्रमाणे शाळा मध्येच सुटली, तरी विद्यार्थ्याच्या पदरी काय पडते, हा त्यांचा प्रश्न होता. अर्धवट शिकलेले व्याकरण व्यर्थ जाते, परंतु सोपे इंग्रजी वाचण्याची शक्ती आयुष्यभर उपयोगी पडते. म्हणून वाचन प्रथम, असे त्यांचे प्रतिपादन होते. मर्यादित शब्दसंग्रहाची क्रमिक वाचनमाला त्यांनी तयार केली व नित्योपयोगी शब्दांची त्यांची सूची १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली.

स्वातंत्र्योत्तर काळ : बा. गं. खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई राज्यात इंग्रजीचे अध्यापन आठव्या इयत्तेपासून सुरू करण्याचे धोरण आले. पूर्वी सात वर्षांत होणारा अभ्यास अकरावीपर्यंतच्या चार वर्षांत बसविणे भाग पडले. त्याच सुमारास विद्यापीठाच्या मॅट्रिकची जागा माध्यमिक शालान्त परीक्षेने घेतली. शिक्षणाचे माध्यम मराठी झाल्याने इंग्रजी कानावर पडण्याचे प्रसंगही कमी झाले. १९५० नंतर मद्रास राज्यातून सुरू झालेली रचनानुसारी पद्धती या परिस्थितीत उपयुक्त वाटली. तीत नियम सांगण्याऐवजी वाक्यांचे साचे सोप्यापासून कठीणाकडे अशा क्रमाने, तोंडी सरावाने बिंबविले जात. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी १९५८ मध्ये हैदराबाद येथे केंद्रीय इंग्रजी संस्था स्थापन झाली.

माध्यमिक शिक्षण आयोगाने (१९५२-५३) परीक्षांतील पाठांतरावर टीका करून वस्तुनिष्ठ प्रश्नांची शिफारस केली. त्यानंतर अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांच्या भारतभेटीमुळे परीक्षासुधारणेला चालना मिळाली. ज्ञान, आकलन व उपयोजन अशी उद्दिष्टांची विभागणी प्रश्नपत्रिकांच्या आराखड्यांत आली आणि ‘आकलन’ हा शब्द शिक्षकांच्या नित्य परिभाषेत रुळला. शिक्षण आयोगाने (१९६४–६६) इंग्रजीकडे ग्रंथालयाची भाषा म्हणून पाहिले. मातृभाषेतून शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही संदर्भग्रंथ वाचता यावेत, ही त्यामागील अपेक्षा होती व तिने आकलनाभ्यासाला नवे महत्त्व दिले.

महाराष्ट्रात १९६६ मध्ये राज्य शिक्षण मंडळ व १९६७ मध्ये पाठ्यपुस्तक निर्मितीसाठी ‘बालभारती’ ही संस्था अस्तित्वात आली. दहा अधिक दोन वर्षांच्या आकृतिबंधानुसार अकरावी व बारावी या इयत्ता वेगळ्या झाल्या. बंगलोर येथील १९७९ ते १९८४ या काळातील प्रयोगात एन. एस. प्रभू यांनी व्याकरण न शिकविता नकाशे, वेळापत्रके यांसारख्या सामग्रीवरील कृतींतून भाषा आत्मसात होते काय, हे पाहिले. जून २००० पासून महाराष्ट्रातील सर्व शाळांत इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून सुरू झाली. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर संदर्भातून व्याकरण शिकविण्यावर भर वाढला.

आकलनप्रश्नांचे स्वरूप : उच्च माध्यमिक स्तरावरील उताऱ्यावरचे प्रश्न स्थूलमानाने चार प्रकारचे असतात : उताऱ्यात स्पष्ट दिलेली माहिती शोधणे, दिलेल्या माहितीवरून अनुमान करणे, संदर्भावरून शब्दाचा अर्थ ठरविणे, आणि आशयाविषयी स्वतःचे मत मांडणे. त्यांच्या जोडीला सारांश, टिपणे काढणे व उताऱ्यातीलच वाक्यांवर व्याकरणाच्या कृती येतात. पहिल्या प्रकारच्या प्रश्नाचे उत्तर अर्थ न कळताही देता येते. प्रश्नातील शब्द उताऱ्यात सापडला, की ते वाक्य उतरवून काढले म्हणजे झाले. अनुमानाच्या प्रश्नात ही पळवाट राहत नाही. म्हणून प्रश्नपत्रिकेत या प्रकारांचे प्रमाण काय आहे, यावर आकलनाची परीक्षा खरी की नावापुरती, हे अवलंबून असते.

मूल्यमापन : मरीच्या नियमांपासून कृतिपत्रिकांपर्यंतच्या या वाटचालीत प्रत्येक सुधारणेने पाठांतराला पायबंद घालण्याचा यत्न केला, आणि प्रत्येक सुधारणेसाठी कालांतराने नवी मार्गदर्शके व अपेक्षित प्रश्नसंच तयार झाले. परीक्षेत न पाहिलेला उतारा द्यावयाचा, पण त्यावरील प्रश्नांचा साचा मात्र पूर्वपरिचित ठेवावयाचा, हा अंतर्विरोध कायम राहिला. ज्याला घरी वा शिकवणीत अन्य साह्य मिळते, त्याचे यात फारसे नुकसान होत नाही. केवळ शाळेवर विसंबणाऱ्या विद्यार्थ्याचे होते. शाळा सोडताना त्याच्या पदरी नियमांची यादी पडते, की एखादे पुस्तक उघडून वाचण्याची शक्ती, हाच निकष या अभ्यासाच्या यशापयशाचा निर्णय करण्यास पुरेसा आहे.