ब्रोमाइड आणि स्थूलतेचे मापन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

स्थूलता म्हणजे वजनाचा अतिरेक, हा समज समाजात रूढ आहे आणि वैद्यकीय व्यवहारातही तो बराच काळ टिकून राहिला. वस्तुतः वजनाच्या काट्यावर मेद, स्नायू, अस्थी आणि पाणी यांची केवळ बेरीज दिसते. प्रत्येकाचा वाटा कळत नाही. हा वाटा शोधण्याच्या प्रयत्नांत ब्रोमाइड या साध्या क्षाराने महत्त्वाची भूमिका बजावली. प्रस्तुत लेखात या क्षाराचा औषधापासून मापन-साधनापर्यंत झालेला प्रवास आणि स्थूलतेच्या अभ्यासाशी असलेला त्याचा संबंध यांचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

औषध आणि विष

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ अँत्वान बालार यांनी १८२६ मध्ये माँपेलिए येथे समुद्री मिठागरातील पाण्यातून ब्रोमीन हे मूलद्रव्य शोधल्याचे जाहीर केले. १८५७ मध्ये लंडन येथील एका वैद्यकीय सभेतील चर्चेत चार्ल्स लोकॉक यांनी अपस्मारावर पोटॅशियम ब्रोमाइडचा गुण येत असल्याचे सांगितले. अपस्माराच्या कारणांविषयीची त्यांची कल्पना आज ग्राह्य मानली जात नाही. औषध मात्र उपयोगी ठरले. १९१२ मध्ये फेनोबार्बिटल उपलब्ध होईपर्यंत अपस्माराच्या उपचारात ब्रोमाइडला प्रमुख स्थान होते. झोपेसाठी व मनःशांतीसाठीही त्याचा सर्रास वापर झाला.

या वापराची किंमतही मोजावी लागली. ब्रोमाइड शरीरातून अतिशय सावकाश बाहेर पडते. त्याची रक्तातील पातळी निम्म्यावर येण्यास सुमारे १२ दिवस लागतात. परिणामी, नित्य सेवनाने ते साठत जाते आणि संभ्रम, भास व त्वचेवरील पुरळ अशी लक्षणे उद्भवतात. या विषबाधेला ‘ब्रोमिझम’ असे नाव मिळाले. तिचे मूळ कारण असे, की शरीर ब्रोमाइड आणि क्लोराइड यांत फारसा भेद करीत नाही.

विरलनाचे तत्त्व

जो गुणधर्म ब्रोमाइडला विष बनवितो, तोच पुढे मापनास उपकारक ठरला. क्लोराइडप्रमाणेच ब्रोमाइड मुख्यतः पेशींच्या बाहेरील द्रवात राहते. रांजणातील पाणी न मोजता त्यात ठरावीक रंग मिसळावा आणि त्याच्या फिकेपणावरून पाण्याचे प्रमाण काढावे, असेच हे तत्त्व आहे. १९३९ मध्ये बर्नार्ड ब्रोडी, ब्रँड व लेशिन यांनी पेशीबाह्य जलाचे माप म्हणून ब्रोमाइडचा वापर मांडला.

या पद्धतीत प्रथम रक्ताचा नमुना घेतला जातो, कारण रक्तात थोडे ब्रोमाइड मुळातच असते. नंतर अल्प मात्रा देऊन ती सर्वत्र पसरण्यासाठी काही तास थांबावे लागते व पुन्हा नमुना घेतला जातो. सुमारे १० टक्के ब्रोमाइड तांबड्या रक्तपेशी व इतर पेशींत शिरते, म्हणून उत्तरात तशी दुरुस्ती करावी लागते. मात्रा एकदाच आणि अल्प दिली जात असल्याने विषबाधेची भीती राहत नाही.

शरीरातील एकूण जल मोजण्याचा मार्ग त्याआधीच खुला झाला होता. हेवेशी व होफर यांनी १९३४ मध्ये त्यासाठी जड पाण्याचा उपयोग केला. एकूण जलातून पेशीबाह्य जल वजा केले, की पेशीअंतर्गत जल मिळते. साधारण ७० किलो वजनाच्या प्रौढ पुरुषात हे आकडे अनुक्रमे ४२, १४ आणि २८ लिटर असे मानले जातात. बोस्टन येथील शल्यचिकित्सक फ्रान्सिस मूर यांनी १९६३ मधील आपल्या ग्रंथात अशा मापनांच्या आधारे जिवंत पेशींच्या वस्तुमानाची संकल्पना विस्ताराने मांडली. आजारात पेशींचा ऱ्हास होत असतानाही पेशीबाह्य जल वाढून वजन स्थिर भासू शकते, हा त्यातील मर्मभूत धडा होय.

स्थूलतेच्या संदर्भात

पेस व रॅथबन यांनी १९४५ मध्ये मेदविरहित शरीरभागात सुमारे ७३ टक्के पाणी असते, असे प्रतिपादन केले. एकूण जलाला ०.७३ ने भागून मेदविरहित वस्तुमान काढण्याची रीत त्यातून रूढ झाली. परंतु स्थूल व्यक्तींमध्ये पेशीअंतर्गत जलाच्या तुलनेत पेशीबाह्य जलाचे प्रमाण वाढलेले आढळते. मेद-ऊतीतील पाणी बव्हंशी पेशींबाहेर असणे, हे त्याचे एक कारण होय. उदाहरणार्थ, एकूण जल ४५ लिटर असल्यास ०.७३ या गुणांकाने मेदविरहित वस्तुमान ६१.६ किलो येते. प्रत्यक्ष गुणांक ०.७५ असल्यास ते ६० किलोच ठरते. म्हणजे दीड किलोहून अधिक मेद हिशेबातून निसटतो. वजन घटविण्याच्या उपचारांत मेद किती गेला आणि पाणी किती गेले, हे ठरविताना ही चूक निर्णायक ठरू शकते.

भारतीयांच्या दृष्टीने हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही शरीर-वस्तुमान निर्देशांक २२.३ होता, मेदाचे प्रमाण मात्र युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के होते. हे मापन क्ष-किरणांवर आधारित पद्धतीने केलेले होते, ब्रोमाइडने नव्हे. तथापि त्यातून निघणारा बोध तोच आहे.

समारोप

ब्रोमाइड विरलन पद्धतीला रक्ताचे नमुने, प्रयोगशाळा आणि वेळ लागतो. म्हणून ती दवाखान्यातील नित्याची चाचणी होऊ शकली नाही. संशोधनात मात्र नव्या, सुलभ पद्धती पडताळून पाहण्यासाठी ती एक संदर्भ-पद्धत म्हणून उपयोगी ठरली. तिच्या इतिहासातून एवढे निश्चित स्पष्ट होते, की वजन वा निर्देशांक हा निदानाचा केवळ आरंभ आहे. त्या आकड्यामागे मेद किती, पेशी किती आणि पाणी किती, हे विचारल्याशिवाय एखाद्यास स्थूल अथवा निरोगी ठरविणे शास्त्रीयदृष्ट्या अपुरे होय.