‘पांडुरोग’ आणि ‘रक्तक्षय’ : दोन संज्ञांचा इतिहास

‘पांडुरोग’ हे नाव वर्णावरून, ‘रक्तक्षय’ हे रक्तावरून पडले. यकृताचा निर्देश दोहोंतही नाही. वस्तुतः रस यकृत-प्लीहेत रंजित होऊन रक्त बनतो, असे सुश्रुतसंहिता सांगते. चरकसंहितेत तर या रोगावर लोहकल्प आहेत. १९२८ पासून मुंबईच्या गिरणीकामगार स्त्रियांतील गर्भकालीन रक्तक्षय अभ्यासताना ल्यूसी विल्स यांना यीस्टचा अर्क गुणकारी आढळला. तेथील उणीव लोहाची नसून फोलेटची होती, हे पुढे कळले. एका नावाखाली असे दोन अभाव नांदत होते. लोहाची उणीवही रक्तापुरती नसते : यकृतपेशींत ऊर्जा निर्माण करणाऱ्या विकरांनाही लोह लागते. शिवाय लोहाच्या मात्रेनंतर यकृतातून स्रवणारे हेप्सिडिन पुढील शोषण रोखते. म्हणून गोळ्या वाढविल्या तरी लोह त्या प्रमाणात वाढत नाही. सारांश, संज्ञेने झाकलेले यकृत अभ्यासकाने विसरून चालणार नाही.