तंजावरच्या ग्रंथसूचीपासून डॉक्युमेंट डेटाबेसपर्यंत

रिलेशनल डेटाबेस शिकलेला विद्यार्थी डॉक्युमेंट डेटाबेसकडे वळला की त्याला पहिला प्रश्न पडतो : टेबले नसतील, तर एका नोंदीत किती माहिती ठेवायची? हा प्रश्न संगणकापेक्षा जुना आहे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाच्या सूचीकारांनाही तो सोडवावा लागला होता.

नायक राजांच्या काळापासूनचा हा संग्रह भोसले राजांनी, विशेषतः दुसऱ्या सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८–१८३२), खूप वाढवला. तेथील संस्कृत हस्तलिखितांची वर्गवार सूची ए. सी. बर्नेल या न्यायाधीशाने तयार केली. ती १८८० मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाली. बर्नेलने विषयवार विभाग पाडले, विभागात ग्रंथ घेतले आणि ग्रंथाच्या नावाखाली त्याच्या उपलब्ध प्रती दिल्या. म्हणजे नोंद ग्रंथाची आणि प्रती तिच्या पोटात. आजच्या भाषेत याला ‘एम्बेडिंग’ म्हणतात. ‘या ग्रंथाच्या प्रती किती?’ या प्रश्नाचे उत्तर एकाच ठिकाणी मिळते.

पुढे पी. पी. एस. शास्त्री यांची वर्णनात्मक सूची १९२८ पासून खंडाखंडाने निघू लागली. येथे मुख्य एकक प्रत हे आहे. तिच्या नोंदीत ताडपत्र की कागद, पानांची संख्या, पानावरील ओळी, लिपी, आरंभ, शेवट असा तपशील येतो. बर्नेलच्या सूचीतला क्रमांकही दिलेला असतो. तो ‘रेफरन्स’ झाला : जुनी माहिती पुन्हा न लिहिता तिच्याकडे नेणारा दुवा.

संग्रह तोच, पण नोंदीचा आकार बदलला, कारण वाचकाचा प्रश्न बदलला. संग्रहात काय आहे ते बर्नेलला दाखवायचे होते, तर शास्त्रींच्या सूचीतून अभ्यासकाला पोथी न उघडता ती ओळखता यायला हवी होती. डॉक्युमेंट डेटाबेसचे पहिले तत्त्व हेच आहे. रिलेशनल रचनेत आपण आधी वस्तू आणि त्यांचे संबंध ठरवतो, नॉर्मलायझेशन करतो आणि प्रश्न नंतर ‘जॉइन’ने विचारतो. येथे आधी प्रश्नांची यादी करायची आणि जे एकत्र वाचले जाते ते एकत्र ठेवायचे.

हस्तलिखितांसाठी आज रचना करायची झाल्यास पाने, लिपी, आरंभ आणि शेवट प्रतीच्या डॉक्युमेंटमध्येच ठेवावेत. ही माहिती प्रतीबरोबरच वाचली जाते आणि सहसा बदलत नाही. ग्रंथकर्त्याला मात्र वेगळे डॉक्युमेंट द्यावे, कारण एका कर्त्याचे अनेक ग्रंथ असतात आणि कर्तृत्वाबद्दलचे मत संशोधनाने बदलू शकते. कर्त्याचे नाव शेकडो नोंदींत उतरवले आणि दुरुस्ती निम्म्याच नोंदींत झाली, तर एकच ग्रंथ दोन कर्त्यांच्या नावे दिसेल आणि शोधणाऱ्याच्या हातून निसटेल. नाव दाखवण्यापुरते उतरवायला हरकत नाही, पण ते सर्वत्र दुरुस्त करण्याची जबाबदारी आपल्या प्रोग्रॅमवर येते. पानांची छायाचित्रेही बाहेर ठेवावीत : मोंगोडीबीत एका डॉक्युमेंटची मर्यादा १६ एमबी आहे.

या रचनेला एक जुना इशाराही लागू पडतो. आयबीएमच्या आयएमएसमध्ये (१९६८) माहिती झाडासारखी, वरून खाली मांडलेली असे. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडताना अशा रचनेवर नेमके बोट ठेवले : माहिती ज्या वाटेने साठवली, त्याच वाटेवर प्रोग्रॅम अवलंबून राहतात. बर्नेलच्या सूचीत ‘ग्रंथ लिपीतल्या सर्व ताडपत्री प्रती’ शोधायच्या, तर सगळी पाने चाळावी लागतील. २००९ मध्ये आलेल्या मोंगोडीबीत असा आडवा शोध इंडेक्समुळे सोपा होतो. तरीही नोंदीचा मूळ आकार चुकला असेल, तर इंडेक्स ती चूक भरून काढत नाही.

म्हणून रिलेशनल शिक्षण येथे वाया जात नाही. कोणती गोष्ट स्वतंत्र आहे हे ते शिकवते. कोणत्या गोष्टी एकत्र वाचल्या जातात हे मात्र वाचकाकडूनच शिकावे लागते.

सरावासाठी : एकाच पोथीत तीन वेगवेगळे ग्रंथ बांधलेले असतील, तर तुम्ही किती डॉक्युमेंट कराल? आधी वाचकाचे तीन संभाव्य प्रश्न लिहा आणि मग उत्तर ठरवा.