लेसर शीतन

लेसर शीतन : लेसर प्रकाशाच्या दाबाने वायुरूप अणूंचा वेग घटवून त्यांचे तापमान निरपेक्ष शून्याच्या (−२७३.१५° से.) अगदी जवळ आणण्याची पद्धती.

प्रकाश अणूला ढकलतो, हे ओटो फ्रिश यांनी १९३३ मध्ये सोडियम अणूंच्या शलाकेवर सोडियम दिव्याचा प्रकाश टाकून दाखविले. मात्र हा परिणाम अत्यल्प होता. लेसरच्या शोधानंतर १९७५ मध्ये टी. डब्ल्यू. हेन्श व ए. एल. शॉलो यांनी उदासीन अणूंसाठी, तर डी. जे. वाइनलँड व एच. जी. डेमेल्ट यांनी आयनांसाठी शीतनाची कल्पना स्वतंत्रपणे मांडली. लेसरची कंप्रता अणूच्या शोषण-कंप्रतेहून किंचित कमी ठेवल्यास डॉप्लर परिणामामुळे लेसरकडे येणारे अणूच मुख्यत्वे फोटॉन शोषतात व मंदावतात. नंतरचे उत्सर्जन सर्व दिशांना होत असल्याने त्याचा सरासरी परिणाम शून्य असतो. एका फोटॉनामुळे सोडियम अणूचा वेग सेकंदास सु. ३ सेंमी. एवढाच घटतो, त्यामुळे सेकंदास १,००० मी. वेगाचा अणू थांबविण्यास ३० हजारांहून अधिक फोटॉन लागतात.

आयनांचे शीतन १९७८ मध्ये साध्य झाले. उदासीन अणू मंदावताच त्याची शोषण-कंप्रता लेसरशी जुळेनाशी होते. ही अडचण डब्ल्यू. डी. फिलिप्स व एच. मेटकाफ यांनी १९८२ मध्ये शलाकेच्या मार्गावर क्रमाने बदलणारे चुंबकीय क्षेत्र योजून दूर केली. स्टीव्हन चू व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये बेल प्रयोगशाळेत सहा लेसर शलाकांच्या छेदस्थानी सोडियम अणू सु. २४० मायक्रोकेल्व्हिनपर्यंत थंड केले. तेथे अणूंची गती दाट काकवीत सापडल्यासारखी होते. हे तापमान सिद्धांताने ठरविलेल्या नीचतम मर्यादेइतकेच होते.

तथापि १९८८ मध्ये फिलिप्स यांच्या गटाला सु. ४० मायक्रोकेल्व्हिन तापमान आढळले. सिद्धांताशी न जुळणारे हे मापन चुकीचे म्हणून सोडून न देता त्यांनी ते अन्य रीतींनी पडताळून पाहिले. दोष सिद्धांतातच होता : त्यात अणूला दोनच ऊर्जापातळ्या मानल्या होत्या. प्रत्यक्षात अणूच्या अनेक उपपातळ्या व स्थानपरत्वे बदलणारे प्रकाशाचे ध्रुवण यांमुळे अणू जणू पुनःपुन्हा चढण चढतो व प्रत्येक वेळी गतिज ऊर्जा गमावतो, असे क्लोद कोएन-तानुजी व झां दालिबार यांनी पॅरिस येथे आणि चू यांच्या गटाने दाखवून दिले. चू, कोएन-तानुजी व फिलिप्स यांना १९९७ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

लेसर शीतनाला बाष्पनाने होणाऱ्या शीतनाची जोड देऊन ई. ए. कॉर्नेल व सी. ई. वीमन यांनी १९९५ मध्ये रुबिडियम अणूंचे बोस-आइन्स्टाइन संघनन घडविले. सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४ मधील कार्याच्या आधारे आइन्स्टाइन यांनी वर्तविलेली ही अवस्था अशा रीतीने सु. सत्तर वर्षांनी वायूत प्रत्यक्षात आली. मंद अणूंचे निरीक्षण दीर्घकाळ करता येत असल्याने अतिशय अचूक आणवीय घड्याळेही या पद्धतीमुळे शक्य झाली आहेत.