सावेदादांचा विकलेला कॅमेरा

सातारा-सांगलीकडे जुना, महागडा कॅमेरा हौसेने विकत घेऊन काचेच्या कपाटात ठेवणारे संग्राहक भेटतात. सावेदादांच्या कॅमेऱ्याचे नशीब वेगळे होते. १८९६ साली मुंबईत ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे आली. ती पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादांनी विलायतेहून कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली, १९०१ मध्ये रँग्लर परांजप्यांचे स्वागत. भावाच्या निधनानंतर त्यांनी चित्रीकरण सोडले आणि कॅमेरा विकला. तो करंदीकर, पाटणकर व दिवेकर यांनी घेतला, पण शोभेसाठी नव्हे. पाटणकर तर पुढे मूकपटांचे निर्माते झाले. सावेदादांच्या फिती काळाने गिळल्या. कपाटातला कॅमेरा शाबूत राहतो, हे खरे. मराठी चित्रपटाचा पाया मात्र हातोहाती झिजलेल्या कॅमेऱ्यांनीच घातला.