बहिष्कृत हितकारिणी सभा आज 'राजकीय संस्था' ठरली असती!

पुसदपासून वणीपर्यंत यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही बौद्ध वस्तीत जा, एखादं पंचशील मंडळ, महिला मंडळ नाहीतर वाचनालय सापडतंच. 14 एप्रिलची मिरवणूक, विहाराची जागा, अभ्यासिका, अत्याचाराच्या प्रकरणात ठाणेदाराला द्यायचं निवेदन, सगळं त्या मंडळाच्या लेटरहेडवर चालतं. आपल्या शिबिरांत कलम 17 सगळ्यांना पाठ असतं. ज्या कलमावर हे लेटरहेड उभं आहे ते 19(1)(ग), म्हणजे संघटना स्थापन करण्याचा हक्क, मात्र फारसं कुणी शिकवत नाही.

म्हणून थोडा इतिहास.

1857 च्या उठावानंतर तिसऱ्या वर्षी इंग्रज सरकारने संस्था नोंदणी कायदा केला, 1860 चा एकविसावा. सात माणसं, उद्देश आणि नियमावली, एवढ्यावर नोंदणी. साहित्य, विज्ञान, धर्मादाय असे सभ्य उद्देश डोळ्यांसमोर ठेवून केलेला हा कायदा अस्पृश्य एक दिवस हत्यारासारखा वापरतील, असं तेव्हाच्या साहेबाच्या स्वप्नातही आलं नसेल. 9 मार्च 1924 रोजी मुंबईच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी बैठक बोलावली आणि 20 जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड, कार्यकारी मंडळाची सूत्रं बाबासाहेबांकडे, नोंदणी याच 1860 च्या कायद्याखाली. 1925 च्या जानेवारीत सभेने सोलापुरात वसतिगृह सुरू केलं.

इथपर्यंत आजच्या कोणत्याही सरकारला चालण्यासारखं आहे. मुलांना जेवायला घाला, वह्या वाटा, फोटो काढा. पण याच सभेच्या वतीने 29 मे 1928 रोजी बाबासाहेबांनी सायमन कमिशनला निवेदनं दिली. त्यात अस्पृश्यांच्या शिक्षणाची स्थिती होती आणि राजकीय संरक्षणाची मागणीही होती. वसतिगृह चालवणारी संस्था थेट सत्तेतला वाटा मागत होती. वही वाटणं आणि वही का मिळत नाही हे विचारणं, ही दोन कामं बाबासाहेबांनी वेगळी केली नाहीत. आजचे कायदे नेमकी तीच वेगळी करायला सांगतात.

संविधान सभेतला एक प्रसंग आपल्या भाषणांत येत नाही, तो यायला हवा. मसुद्यात संघटनेच्या हक्कावर निर्बंध घालायची मुभा होती, पण 'वाजवी' हा शब्द नव्हता. डिसेंबर 1948 मध्ये पंडित ठाकूरदास भार्गव यांनी तो घालण्याची दुरुस्ती सुचवली आणि बाबासाहेबांनी ती स्वीकारली. या एका शब्दामुळे सरकारचा निर्बंध योग्य आहे की नाही हे तपासायचा अधिकार न्यायालयाला मिळाला.

त्याचा पहिला मोठा कस लागला मद्रासमध्ये. योगायोग बघा, संस्थेचं नाव होतं पीपल्स एज्युकेशन सोसायटी! (बाबासाहेबांची 1945 ची संस्था वेगळी, ही मद्रासची.) हीही 1860 च्या कायद्याखालीच नोंदलेली. कम्युनिस्टांना मदत करते म्हणून मार्च 1950 मध्ये सरकारने तिला बेकायदा ठरवलं. संस्थेचे सचिव व्ही. जी. राव न्यायालयात गेले. 31 मार्च 1952 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूदच घटनाबाह्य ठरवली. कारण साधं होतं: सरकारचं मत झालं एवढ्यावर संस्था बंद करता येत नाही, आणि सल्लागार मंडळाने कागद चाळणं म्हणजे न्यायालयीन चौकशी नव्हे.

पुढचा प्रवास उलट्या दिशेने झाला. आणीबाणीत, 1976 साली, विदेशी देणग्यांचा एफसीआरए कायदा आला, 2010 मध्ये नवा झाला, 2020 मध्ये आणखी आवळला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आणली. मोठ्या संस्थेने गावच्या छोट्या संस्थेला पैसा पुढे देणंही बंद केलं. ज्यांच्याकडे दिल्लीत ऑफिस नाही आणि इंग्रजीत प्रस्ताव लिहिणारा माणूस नाही, त्यांच्यावर हा घाव बसला. त्या कोणाच्या संस्था आहेत हे सांगायला नको. गुजरातमध्ये दलित हक्कांचं काम करणाऱ्या नवसर्जन संस्थेची एफसीआरए नोंदणी 2016 च्या डिसेंबरमध्ये रद्द झाली, तेव्हा पूर्णवेळ कार्यकर्त्यांना घरी पाठवावं लागलं. बंद, हरताळ, रास्ता रोको करणारी संस्था 'राजकीय' ठरवणारा नियमही होता. मार्च 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला लगाम घातला, सत्तेच्या राजकारणाशी संबंध नसलेल्या संस्थेला तो लावता येणार नाही म्हणून. पण 2020 च्या दुरुस्त्या त्याच न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये कायम ठेवल्या.

आणि आता आपल्या राज्याचं विशेष जनसुरक्षा विधेयक, जुलै 2025 मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालेलं. संयुक्त समितीकडे हजारो हरकती गेल्या, त्यामुळे शब्द थोडे बदलले आणि सल्लागार मंडळावर न्यायाधीशही आले. हा फरक मान्य करू. तरीही क्रम तोच राहिला: अधिसूचना आधी, मंडळ नंतर. प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करायला प्रोत्साहन देणं हेही त्यात बेकायदा कृत्य आहे. या मोजपट्टीने महाड आणि काळाराम मोजून पाहा.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं: बाबासाहेबांनीच 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात सत्याग्रहाला अराजकाचं व्याकरण म्हटलं होतं. म्हटलं होतंच. पण संवैधानिक मार्ग खुले असताना, ही अट त्याच भाषणात आहे. संस्था, निवेदन, सभा हेच तर ते मार्ग! तेच अरुंद करायचे आणि वर बाबासाहेबांचा दाखला द्यायचा, हा कावा ओळखा.

कायदा उलटा, मोकळाही होऊ शकतो. जपानमध्ये 1896 च्या नागरी संहितेनुसार लोकहिताच्या संस्थेला सरकारी खात्याची परवानगी लागायची. 1995 च्या कोबे भूकंपात लाखो स्वयंसेवक धावले, पण त्यांच्या गटांना कायद्यात ओळखच नव्हती. लोकांनी रेटा लावला आणि 1998 मध्ये नवा कायदा होऊन छोट्या गटांची नोंदणी सोपी झाली.

आपल्याकडे मागण्या अगदी जमिनीवरच्या आहेत. बंदीआधी लेखी कारणं आणि सुनावणी. नोंदणी रद्द करण्याआधी नोटीस, तीही मराठीत. छोट्या मंडळांसाठी एका पानाचा हिशेब. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम 22 खालचा बदल अहवाल ठरलेल्या मुदतीत निकाली निघावा. नवीन कार्यकारिणी निवडून यायची, तिची मुदत संपायची आणि अहवाल धर्मादाय कार्यालयात तसाच पडून राहायचा, हे आपण पाहतो. कागदावर जुनेच विश्वस्त राहिले की विहाराच्या जागेवर दावा सांगणाऱ्याचं फावतं. यात सरकारइतकेच आपणही दोषी आहोत: एका मंडळाचे दोन गट, दोन अध्यक्ष, आणि दोघेही परस्परांविरुद्ध तारखांवर हजर.

तेव्हा येत्या महिन्यात एवढं करा. मंडळाची फाईल काढा. शेवटचा बदल अहवाल मंजूर आहे का, लेखापरीक्षण कधीपर्यंतचं भरलंय, विहाराची जागा परिशिष्टावर चढलीय का, हे पाहा आणि जे राहिलं असेल ते पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्या.

जय भीम!